मंडईचा व्हिडिओ टीव्हीवर: घरच्या स्टोरेजमधून गेम कन्सोलवर स्ट्रीमिंग कसं करायचं?

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. लाखांदूर, साकोली, लाखनीकडच्या गावांत झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं, आणि त्या रात्री निम्म्या गावाचे मोबाइल वर धरलेले असतात. कुणी काकाची दंडार शूट करतं, कुणी बहिणीचा पाळण्यात बसलेला व्हिडिओ घेतं. महिनाभराने फोन सांगतो, ‘स्टोरेज फुल’. मग एका दुपारी बसून आपण डिलीट करत सुटतो आणि त्यात जायला नको ते पण जातं.

ज्या घरात गेम कन्सोल आहे, एखादा जुना लॅपटॉप पडून आहे आणि वाय-फाय आहे, त्या घरात हे व्हिडिओ एका जागी ठेवून थेट मोठ्या टीव्हीवर बघता येतात. त्यासाठी इंटरनेटचा एक एमबीही खर्च होत नाही. हा मुद्दा बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून आधीच सांगतो: व्हिडिओ लॅपटॉपमधून राउटरला जातो आणि राउटरमधून कन्सोलला. तो घराबाहेर जातच नाही. फायबरची वायर तुटली, रिचार्ज संपला, तरी राउटरला लाइट असेपर्यंत हे चालू राहतं.

सेटिंग करायला अर्धा तास लागतो. ते फसतं ते जवळजवळ नेहमी दोनच कारणांनी. एक तर कन्सोलला तो सर्व्हर दिसत नाही, किंवा दिसतो पण फाइल चालत नाही.

कन्सोल सर्व्हर शोधतो कसा?

या सगळ्यामागे डीएलएनए नावाचं मानक आहे. सोनी आणि इंटेलच्या पुढाकाराने २००३ मध्ये कंपन्यांचा एक गट तयार झाला. टीव्ही, कॉम्प्युटर, म्युझिक सिस्टिम ही सगळी यंत्रं एकमेकांशी एकाच भाषेत बोलावीत, हा त्याचा हेतू. तो गट २०१७ मध्ये बंद झाला, पण भाषा शिल्लक आहे. आजही कितीतरी टीव्ही, राउटर आणि कन्सोल ती बोलतात.

काम साधं आहे. मंडईत लाउडस्पीकरवरून पुकारा होतो ना, ‘अमक्या गावचे अमके असतील तिथून स्टेजजवळ यावे’, तसंच. कन्सोल नेटवर्कवर एका ठरलेल्या पत्त्यावर पुकारा करतो: ‘इथे कुणी मीडिया सर्व्हर आहे का?’ तो पत्ता २३९.२५५.२५५.२५० आणि पोर्ट १९००. सर्व्हर उत्तर देतो, ‘मी आहे, माझा पत्ता हा.’ मग कन्सोल त्याच्याकडून फोल्डरची यादी मागतो, आपण एखादी फाइल निवडतो, आणि ती फाइल वेबपेज येतं तशीच तुकड्या-तुकड्याने यायला लागते. आपण व्हिडिओ पुढे ढकलला तर कन्सोल फक्त ‘इथपासून पुढचा भाग दे’ असं सांगतो.

हा पुकारा आपल्या राउटरच्या हद्दीबाहेर जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते चांगलंच आहे, पण बहुतेकांची अडचण इथूनच सुरू होते. फायबर घेतलं की कंपनीचा एक डबा येतो, त्यालाही वाय-फाय असतं. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणून त्याला जोडतो. आता लॅपटॉप पहिल्या डब्यावर आणि कन्सोल दुसऱ्या राउटरवर असेल, तर दोघांचंही इंटरनेट झकास चालतं, फक्त एकमेकांचा पुकारा ऐकू जात नाही. दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर घ्या, नाहीतर दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. गेस्ट वाय-फायवरही हेच होतं, कारण तिथे यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

विंडोज लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट बघा. नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं असेल तर विंडोज कुणालाच उत्तर देत नाही. ते ‘प्रायव्हेट’ करा. आणि झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपी जातो, तेही बंद करा. सगळं बरोबर असूनही सर्व्हर दिसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचा लॅपटॉप फक्त झोपलेला असतो.

स्टोरेज कुठलं घ्यायचं?

आधी काहीच घेऊ नका. हातातल्या अँड्रॉइड फोनवर बबल यूपीएनपी हे अ‍ॅप टाका. ते फोनमधले व्हिडिओ डीएलएनएवर दाखवतं. फोन आणि कन्सोल एकाच वाय-फायवर असले की कन्सोलवर फोनचं नाव दिसायला हवं. दिसलं, तर तुमचं नेटवर्क ठीक आहे आणि पुढचा खर्च करायला हरकत नाही. नाही दिसलं, तर दोन हार्ड डिस्कचा नॅस बॉक्स आणूनही तो दिसणार नाही.

नंतरची पायरी राउटरची. तुमच्या राउटरला मागे यूएसबी पोर्ट असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया सर्व्हर’ असा पर्याय आहे का बघा. असेल तर पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावली की काम झालं. वीज कमी लागते, आवाज नाही. मात्र राउटर फाइल आहे तशीच देतो, ती बदलून देण्याची ताकद त्याच्यात नसते.

जुना लॅपटॉप हा मला सगळ्यात व्यवहारी मार्ग वाटतो. विंडोजमध्ये ‘मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स’ असं शोधून ते चालू केलं की व्हिडिओ लायब्ररी नेटवर्कवर दिसायला लागते. त्यापेक्षा चांगलं काम युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर करतं. ते मुळात पीएस३साठी बनलेल्या एका सॉफ्टवेअरवरून पुढे वाढलं, त्यामुळे कन्सोलच्या खोडी त्याला चांगल्या माहीत आहेत. जेलीफिन हे तिसरं. २०१८ च्या शेवटी ते एम्बी या सॉफ्टवेअरमधून वेगळं झालं. पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स आहे, दिसायला ओटीटी अ‍ॅपसारखं आहे, आणि लॉगिनसाठी कुठल्याही कंपनीचं खातं लागत नाही. डीएलएनए हवं असेल तर त्याचं प्लगइन वेगळं टाकावं लागतं. प्लेक्सही लोकप्रिय आहे, पण त्याला खातं लागतं, आणि नेट बंद पडल्यावर साइन-इनवरून ते अडू शकतं. आपल्याकडे नेट बंद पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

कुठल्या कन्सोलवर काय चालतं?

पीएस३ वर डीएलएनए सिस्टिममध्येच आहे. पीएस४ बाजारात आला तेव्हा ही सोय गायब होती, लोकांनी बरीच ओरड केली, आणि जून २०१५ मध्ये सोनीने ‘मीडिया प्लेअर’ हे फुकट अ‍ॅप दिलं. ते स्टोअरवरून उतरवून घ्यावं लागतं. ते उघडलं की मीडिया सर्व्हर आणि यूएसबी ड्राइव्ह दोन्ही दिसतात.

पीएस५ वाल्यांसाठी वाईट बातमी: त्यात डीएलएनए नाही. पुढचा कन्सोल म्हणजे जास्त सोयी असं आपण धरून चालतो, इथे उलटं झालंय. पीएस५ वर प्लेक्सचं अ‍ॅप मिळतं, तोच सरळ मार्ग. म्हणजे फक्त घरचे व्हिडिओ बघायचे असतील तर जुना पीएस४ विकू नका.

एक्सबॉक्स वन आणि सिरीज एस, एक्स या बाबतीत सगळ्यात मोकळे. त्यांच्यावर व्हीएलसी मिळतं, कोडी मिळतं, प्लेक्स आणि जेलीफिनही मिळतं. कोडीची गंमत अशी की त्याचा जन्मच एक्सबॉक्सवर झाला. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हौशी प्रोग्रामरनी पहिल्या एक्सबॉक्सचं कुलूप मोडून त्यावर व्हिडिओ प्लेअर बसवला. त्याचं नाव एक्सबीएमसी, म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर. नंतर ते सगळीकडे पसरलं, २०१४ मध्ये कोडी झालं, आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये स्टोअरमधून राजरोसपणे एक्सबॉक्सवर परत आलं.

निन्टेन्डो स्विचवर यातलं काही नाही. सोडून द्या.

फाइल दिसते, पण चालत नाही

इथे जरा नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

एमपीफोर किंवा एमकेव्ही हे फक्त डब्याचं नाव आहे. डब्यात काय भरलंय ते कोडेक सांगतं. पीएस४ चा मीडिया प्लेअर एच.२६४ हा कोडेक ओळखतो, पण एचईव्हीसी ओळखत नाही. आणि नेमके आजचे फोन एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतात. आयफोनमध्ये २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून ती सोय आहे, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेरा सेटिंगमध्ये ती असते. त्यामुळे २०१४ चा लग्नाचा व्हिडिओ पीएस४ वर बिनबोभाट चालतो आणि मागच्या महिन्यातली दंडार ‘अनसपोर्टेड’ म्हणते. फोन महाग होता म्हणून फाइल बिघडली असं नाही. फाइल नवीन आहे, कन्सोल २०१३ चा आहे.

फोन एचईव्हीसी वापरतात ते जागा वाचवायला. अ‍ॅपलच्याच आकड्यांनुसार १०८०पी, ३० फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ एचईव्हीसीमध्ये साधारण ६० एमबी होतो, एच.२६४ मध्ये १३० एमबी. आता झाडीपट्टीच्या नाटकाचा हिशेब करा. पाच तासांचं नाटक म्हणजे ३०० मिनिटं: एचईव्हीसीमध्ये १८ जीबी, एच.२६४ मध्ये ३९ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर पहिल्या प्रकाराने पन्नासपेक्षा जास्त नाटकं मावतात, दुसऱ्या प्रकाराने पंचवीस.

उपाय तीन आहेत. पुढचं रेकॉर्डिंग करताना फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ किंवा एच.२६४ निवडा. सोबत एचडीआर व्हिडिओही बंद करा, नाहीतर टीव्हीवर रंग धुतल्यासारखे फिके दिसतात.

झालेल्या रेकॉर्डिंगसाठी हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट निवडला की एच.२६४ ची एमपीफोर फाइल बाहेर येते. जुन्या लॅपटॉपवर पाच तासांच्या व्हिडिओला पाच तासांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून रात्री लावून झोपा. आणि मूळ फाइल डिलीट करू नका. बदललेली फाइल ही नक्कल आहे, प्रत्येक नकलेत थोडी स्पष्टता जाते.

तिसरा उपाय म्हणजे ट्रान्सकोडिंग. जेलीफिन, प्लेक्स किंवा युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर फाइल चालू असतानाच बदलत बदलत कन्सोलला देतं. ऐकायला छान वाटतं, पण प्रोसेसरचा दम निघतो. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ नंतरच्या लॅपटॉपमध्ये एचईव्हीसी उलगडायचं काम चिपमध्येच होतं. त्याआधीच्या लॅपटॉपवर पंखा विमानासारखा ओरडेल आणि व्हिडिओ तरीही अडखळेल. एक्सबॉक्स सिरीज एस, एक्स असेल तर ही सगळी भानगडच नाही, ते एचईव्हीसी स्वतः चालवतात.

दोन छोट्या गोष्टी याच रांगेत. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. वरच्या हिशेबाने ६० एमबी मिनिटाला धरलं तर ती मर्यादा ७१ मिनिटांत संपते, नाटकाचा पहिला अंकसुद्धा धड पुरा होणार नाही. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आतला माल आधी बाहेर काढून. आणि दुसरं, व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, मोबाइलवर चालून जातं पण ४३ इंची टीव्हीवर माणसाच्या तोंडाच्या जागी चौकोन दिसतात. केबलने घ्या, किंवा किमान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

अडखळतं कशामुळे?

१३० एमबी मिनिटाला म्हणजे सेकंदाला साधारण १७ मेगाबिट. ४के, एच.२६४ मध्ये मिनिटाला ३५० एमबी, म्हणजे सेकंदाला ४७ मेगाबिट. साध्या लॅन केबलचा जुना १०० मेगाबिटचा पोर्टही हे दोन्ही सहज पेलतो. दम तोडतं ते वाय-फाय.

लॅपटॉप वाय-फायवर आणि कन्सोलही वाय-फायवर असेल तर तोच व्हिडिओ हवेतून दोनदा जातो: एकदा लॅपटॉप ते राउटर, परत राउटर ते कन्सोल. १७ मेगाबिटचं काम ३४ चं होतं. त्यात पहिल्या पीएस४ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आहे, ५ गिगाहर्ट्झ पुढे स्लिम आणि प्रोमध्ये आलं. शेजाऱ्यांचे राउटरही त्याच २.४ वर, आणि मध्ये जाड भिंत. दोन्हीकडे केबल टाकता येत नसेल तर निदान सर्व्हरला राउटरशी केबलने जोडा. त्याने हवेतलं अर्धं ओझं उतरतं.

घरात ब्रॉडबँडच नसेल तर? फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप, कन्सोल दोघांनाही त्यावर घ्या. बऱ्याच फोनवर एवढ्याने काम भागतं. फक्त मोबाइल डेटा आधी बंद करा. कन्सोलला इंटरनेटचा वास लागला की तो गेमचा अपडेट उतरवायला बसतो, आणि दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक नाटकातला राजा स्टेजवर यायच्या आत संपतो.

ऊन, लाइट आणि कूलर

डिस्क कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या आसपास जातो. टिनाखालच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, बंद कपाटात ठेवलेली फिरती हार्ड डिस्क स्वतःची गरमी त्यात मिसळते. बहुतेक हार्ड डिस्कची कामाची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, तिथपर्यंत पोचायला असं कपाट पुरेसं आहे. उघड्यावर, जमिनीपासून थोडं वर, वारा लागेल अशी ठेवा. पण कूलरच्या झोतासमोर नको. तो वारा गार असतो तसा ओलाही असतो, आणि यूएसबीच्या टोकांवर गंज धरतो. उन्हाळ्यात वापर नसेल तेव्हा सर्व्हर सरळ बंद ठेवा, व्हिडिओ कुठे पळून जात नाहीत.

लाइट जाण्याचं दुखणं वेगळं. डिस्कवर काही लिहिलं जात असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, कधी कधी पूर्ण फोल्डरच वाचता येत नाही. लॅपटॉपचा इथे फायदा आहे, त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. मात्र बाहेरची मोठी डिस्क वेगळ्या अ‍ॅडाप्टरवर चालणारी असेल तर तिला हा आधार मिळत नाही. लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणारी छोटी अडीच इंची डिस्क घ्या.

कोण कोण बघू शकतं?

डीएलएनएला पासवर्ड नसतो. तुमच्या वाय-फायवर जो कुणी आहे, त्याला शेअर केलेलं फोल्डर दिसतं. शेजारच्या पोराला परीक्षेच्या वेळी पासवर्ड दिला होता तो अजून चालू असेल, तर त्यालाही. म्हणून आख्खी डिस्क शेअर करू नका. ‘टीव्हीसाठी’ असं एक वेगळं फोल्डर करा आणि त्यातच घरातल्या सगळ्यांसमोर चालतील असे व्हिडिओ ठेवा. आधार कार्डचे फोटो, बँकेची पासबुकं, खासगी व्हिडिओ त्याच्या बाहेर. काही व्हिडिओंमध्ये राउटरचे पोर्ट उघडून बाहेरूनही बघा असं शिकवतात, ते करू नका. डीएलएनए घरापुरतंच बनलेलं आहे.

नाटकाबद्दल एक वेगळी गोष्ट. झाडीपट्टी रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, पण तिथल्या मंडळांचं पोट अजूनही तिकिटावरच चालतं. नाटक रेकॉर्ड करण्याआधी मंडळाला विचारा. त्यांनी हो म्हटलं तरी ते हो घरी बघण्यापुरतं आहे असंच समजा, यूट्यूबवर टाकायची परवानगी वेगळी मागावी लागते. आपल्याच गावच्या दंडारीतले काका असले तरी त्यांना एकदा विचारायला काय जातं?

फोनमधून डिलीट करण्याआधी

सर्व्हरवर टाकलं म्हणजे सुरक्षित झालं असं वाटतं, आणि मग फोन रिकामा केला जातो. त्या क्षणी तुमच्याकडे परत एकच प्रत उरते, फक्त जागा बदललेली. सर्व्हर ही बघायची सोय आहे, बॅकअप नाही. एक दुसरी डिस्क घ्या, त्यावर तेच फोल्डर कॉपी करा, आणि ती डिस्क त्याच घरात न ठेवता मामाकडे, आत्याकडे कुणाकडे तरी ठेवा. वर्षातून एकदा, मंडईला पाहुणे येतात तेव्हा, ती आणून नवीन व्हिडिओ त्यात भरा आणि जुने पाच-सहा उघडून बघा. कॉपी झालेली फाइल उघडतेच असं नाही, चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

घरातल्या जुन्या लग्नाच्या डीव्हीडींचं काम मात्र मंडईपर्यंत लांबवू नका. घरी राइट केलेल्या डीव्हीडीवरचा रंगाचा थर वर्षांनुवर्षं फिका होत जातो, आणि लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असणारी माणसं कमी होत चालली आहेत. एखाद्या मित्राकडे असेल तर या रविवारी जा. डीव्हीडीतले व्हीओबी फॉरमॅटचे व्हिडिओ आधी आहेत तसेच कॉपी करा. मग हँडब्रेकमधून एमपीफोर करून ‘टीव्हीसाठी’ फोल्डरमध्ये टाका. आजीला सांगून ठेवा की रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोर बसायचंय, आणि गेम खेळणाऱ्याला सांगा की दोन तास कंट्रोलर मिळणार नाही.